इंदूर ते मेलबर्न १२ तास ४९ मिनिटं म्हणे!

सकाळी सकाळी डोकं फिरलंय. पोह्याची प्लेट हातात, शेव अजून टाकली पण नव्हती, तेवढ्यात बाबा मोबाईलवर अंतर-वेळ सांगणारी कुठलीतरी साइट उघडून नाकासमोर धरून उभे. "हे बघ. इंदूर ते मेलबर्न ९,८५० किलोमीटर, १२ तास ४९ मिनिटं. आणि तुझं तिकीट दुपारी तीनला निघून दुसऱ्या दिवशी रात्री आठला पोचणार. एकोणतीस तास! गंडवलं तुला एजंटनं."

अरे कुठलं विमान जातं इंदुरातून थेट मेलबर्नला?? एक दाखवा, मी पंखावर बसून जातो. त्या साइटवाल्याने नकाशावर दोन टिंबं जोडली, आलेल्या आकड्याला ८०० ने भागलं, वर अर्धा तास चिकटवला, झालं काम. मला राग त्या ४९ चा आहे. बारा-तेरा तास म्हणाला असता तर बाबांनी पण सोडून दिलं असतं, पण ४९ म्हटल्यावर त्यांना वाटतं कोणीतरी घड्याळ लावून बसलं होतं.

ऑस्ट्रेलिया खाली दक्षिणेला आणि आम्ही आधी जाणार वर दिल्लीला, हजारेक किलोमीटर तिथेच वाढले. मग दिल्लीत साडेनऊ तास बसा, कारण डिसेंबरच्या धुक्यात इंदूरचं विमान लटकलं तर पुढचं गेलंच समजा. मग कुठे ते साडेबारा तासांचं उडणं. वर तिकडचं घड्याळ डिसेंबरात आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढे, एकोणतीसमधून तेवढे वजा केले की राहतात साडेतेवीस. हे सगळं कागदावर मांडून दाखवलं. बाबा म्हणाले, "म्हणजे साडेपाच तास त्यांनी कापले?"

उलटं पण टाकून बघितलं, मेलबर्न ते इंदूर. तेच ४९! येताना वारा समोरून असतो, वेळ जास्त लागतो, पण या साइटवाल्याच्या आभाळात वाराच नाही.

तोवर स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर. लोकमान्यनगरच्या काकांचा अंगठा, आत्याचं "आमच्या एजंटला विचारायचं होतंस". हीच आत्या, हिने मागच्या खेपेला ताईसाठी चार किलो कुरडया-पापड बांधून दिले आणि तिकडच्या एअरपोर्टवर फॉर्ममध्ये डिक्लेअर करून रांगेत एकेक पुडी उघडून दाखवताना घाम माझा निघाला. कुरडई इंग्रजीत काय सांगायची, सांगा ना आता!

एवढा बोंबलतोय तर बायको आतून विचारते, "इथून एअरपोर्टला किती वाजता निघायचं? किती वेळ लागेल?"

"वीस मिनिटं," मी म्हटलं. विचार न करता. इंदुरात कुठूनही कुठेही वीसच मिनिटं लागतात ना, आपण सगळे हेच सांगतो. मागच्या वेळी एकट्या बडा गणपती चौकातच पाऊण तास अडकलो होतो.

बाबांनी चष्म्यावरून बघितलं. "आणि एकोणपन्नास सेकंद."