‘डोमेन घ्या, कोट्यधीश व्हा’: एका फिरत्या गोष्टीचा समाचार

स्टार्टअप काढू पाहणाऱ्या पोरांमध्ये एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. त्याचा गोषवारा असा: डॉटकॉमच्या तेजीत, म्हणजे १९९० च्या दशकाच्या शेवटी इंटरनेट कंपन्यांची चलती होती तेव्हा, डोमेन (वेबसाइटचं नाव) शंभर डॉलरला मिळायचं. एका हुशार माणसानं बिझनेस.कॉम घेऊन ठेवलं आणि १९९९ मध्ये ७५ लाख डॉलरला विकलं. ज्यांनी ते घेतलं त्यांनी २००७ मध्ये तेच नाव साडेचौतीस कोटी डॉलरला विकलं. आपल्या मुंबईच्या राजेश जैन यांनी तर समाचार, खोज, खेल अशी चार-पाच नावं ४९९ कोटी रुपयांना विकली. तेव्हा धंद्यात नावच सगळं काही, भारी नाव दिसलं की उचला, बाकीचं आपोआप होतं.

आकडे बरेचसे खरे आहेत, म्हणून तर हे सहज पचतं. घोळ आहे तो एका आकड्यापासून दुसऱ्यापर्यंतच्या वाटेत.

शंभर डॉलरचं आधी बघू. सप्टेंबर १९९५ पर्यंत डोमेन चक्क फुकट मिळत होतं. मग डोमेनची नोंदणी करणाऱ्या नेटवर्क सोल्युशन्स या कंपनीनं दोन वर्षांचे शंभर डॉलर घ्यायला सुरुवात केली. १९९८ मध्ये ते सत्तरवर आले. पण हा दर कुणीच न घेतलेल्या नावाचा. बिझनेस.कॉमवाल्या मार्क ऑस्ट्रॉफस्कींनी ते नाव दुसऱ्याकडून दीड लाख डॉलर मोजून घेतलं होतं. त्या वेळच्या दरानं सुमारे अर्धा कोटी रुपये! एवढी रक्कम एका शब्दावर लावून वाट पाहण्याची ऐपत असलेल्या माणसाची ही गोष्ट आहे. खिशातल्या शंभराच्या नोटेला लॉटरी लागल्याची नव्हे.

आणि तेजी खरोखर चढली तेव्हा नव्या कंपनीला चांगलं नाव शंभरात मिळायची सोयच उरली नव्हती. कॉम्पॅक या कॉम्प्युटर कंपनीचंच बघा. अल्टाव्हिस्टा हे त्या काळचं नामांकित सर्च इंजिन मूळ डिजिटल नावाच्या कॉम्प्युटर कंपनीचं, पण अल्टाव्हिस्टा.कॉम हे नाव मात्र त्याच नावाच्या भलत्याच एका छोट्या कंपनीकडे. १९९८ मध्ये डिजिटल विकत घेतल्यावर कॉम्पॅकला आपल्याच सर्च इंजिनाचं नाव मिळवायला तीस लाख डॉलरहून जास्त मोजावे लागले. पुढच्या वर्षी वॉलस्ट्रीट.कॉम दहा लाखांच्या वर गेलं. २००० मध्ये बँक ऑफ अमेरिकेनं लोन्स.कॉमला तीस लाख दिले.

आता ७५ लाखांचे साडेचौतीस कोटी. हे वाक्य असं लिहिलंय, जणू नाव कपाटात ठेवलं होतं आणि त्याला व्याज लागत गेलं. १९९९ मध्ये ते घेतलं ई-कंपनीज या इन्क्युबेटरनं, म्हणजे नव्या कंपन्या उभ्या करून देणाऱ्या कंपनीनं. तिचे चालक होते डिस्नेच्या इंटरनेट विभागातून आलेले जेक वाइनबॉम आणि अर्थलिंकचे संस्थापक स्काय डेटन. म्हणजे घेणारे कुणी गॅरेजमधली पोरं नव्हेत. त्यांचा हिशेबही वेडा नव्हता. जानेवारी २००० च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, तीस सेकंदांच्या एका जाहिरातीला सुमारे वीस लाख डॉलर पडत होते आणि डॉटकॉम कंपन्या ते देत होत्या. त्या हिशेबानं ७५ लाख म्हणजे चारेक जाहिराती. शिवाय विक्रमी किमतीची बातमी पेपरांनी फुकट छापली, ते वेगळंच. किंमत नावात किती दम आहे यावर ठरली नाही, गुंतवणूकदारांचा पैसा जाहिरातीवर उधळायची स्पर्धा किती होती यावर ठरली.

२००७ मध्ये जे विकलं गेलं ती तर चालती कंपनी होती. तिथे धंदेवाल्यांसाठी माल आणि सेवांची डिरेक्टरी होती, प्रत्येक क्लिकमागे पैसे देणारे जाहिरातदार होते आणि ते सगळं उभं करायला घातलेली सात वर्षं होती. ती घेतली आर. एच. डॉनेली या यलो पेजेस, म्हणजे धंद्यांच्या फोन नंबरांची पुस्तकं, छापणाऱ्या कंपनीनं. मजकूर इथेच थांबतो, आणि ते सोयीचंच आहे. कारण २००९ मध्ये हीच डॉनेली दिवाळखोरीच्या अर्जासह कोर्टात गेली आणि २०११ मध्ये बिझनेस.कॉम पुन्हा दुसऱ्याच्या हाती गेलं. नावात एवढी जादू होती तर ती मालकाच्या कामी का आली नाही?

‘नावच सगळं काही’ यात थोडं तथ्य आहे, ते नाकारायचं कारण नाही. सर्च इंजिनं यथातथाच होती तेव्हा लोक सरळ पत्त्याच्या पट्टीत शब्द टाइप करून डॉटकॉम जोडत. त्यामुळे साध्या, सगळ्यांना ठाऊक असलेल्या शब्दावर आयतं गिऱ्हाईक यायचं. पण आलेलं गिऱ्हाईक धरून ठेवायला मागे दुकान लागतं. पेट्स.कॉमकडे नाव झकास होतं आणि सुपर बोलची जाहिरातही होती. फेब्रुवारी २००० मध्ये अकरा डॉलरनं शेअर बाजारात आणले आणि नोव्हेंबरात कंपनी गुंडाळली. श्वानखाद्याची जड पोती घरपोच पाठवण्याचा खर्च विक्रीतून निघत नव्हता, त्याला नाव काय करणार? फर्निचर.कॉम, गार्डन.कॉम, मॉर्गेज.कॉम या सगळ्यांनी त्याच हिवाळ्याच्या तोंडावर मान टाकली. उलट ज्या टिकल्या त्यांची नावं बघा: गूगल, ईबे, याहू. ईबेच्या संस्थापकाला इकोबे.कॉम हवं होतं, ते एका खाण कंपनीकडे निघालं, म्हणून त्यानं अक्षरं छाटली. अ‍ॅमेझॉनच्या जेफ बेझोसनं आधी कंपनीचं नाव कडाब्रा ठेवलं होतं. वकिलाला फोनवर ते ‘कडॅव्हर’, म्हणजे प्रेत, असं ऐकू आलं आणि नाव बदललं.

जैन यांच्या इंडियावर्ल्ड या कंपनीबद्दलचा दावा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण त्यात एका माणसाच्या साडेचार वर्षांच्या कामावर बोळा फिरवलाय. राजेश जैन यांनी मुंबईतून इंडियावर्ल्ड सुरू केलं मार्च १९९५ मध्ये. विदेश संचार निगमनं सामान्य माणसासाठी इंटरनेट खुलं केलं त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला. म्हणजे साइट आधी आली, देशातलं इंटरनेट मागाहून! सुरुवातीचा वाचक परदेशातलाच असणार हे उघड आहे. त्याला इथला पेपर हातात पडायला आठवडे लागत. समाचार.कॉमवर देशभरच्या वृत्तपत्रांचे मथळे एका पानावर मिळायचे, खेल.कॉमवर क्रिकेट, बावर्ची.कॉमवर पाककृती. ही नावं लोकांच्या तोंडी बसली ती रोज तिथे काहीतरी नवं मिळत होतं म्हणून.

आणि ४९९ कोटी आले कुठून? इंडियावर्ल्ड विकत घेणारी सत्यम इन्फोवे ऑक्टोबर १९९९ मध्ये नॅस्डॅक या अमेरिकी शेअर बाजारात गेली. तिथे जाणारी ती पहिली भारतीय इंटरनेट कंपनी. हाताशी ताजा पैसा, शेअर वर चाललेला आणि अमेरिकी गुंतवणूकदाराला दाखवायला वाचक हवेत. नोव्हेंबरअखेर सौदा जाहीर झाला. तोही एकरकमी नव्हता: आधी १२२ कोटींना साडेचोवीस टक्के हिस्सा आणि उरलेला ३७७ कोटींना घेण्याचा हक्क. पुढच्या दोन वर्षांत नॅस्डॅक कोसळला. हाच सौदा दीड वर्ष उशिरा झाला असता तर त्याच नावांना किती मिळाले असते, याचा विचार करा. जैन यांचं कौतुक करायचंच तर विकण्याची वेळ साधल्याबद्दल करावं.

राहिलं ‘दिसलं की उचला’. उचललेलं नाव आपल्याकडे राहीलच असं त्या काळातही नव्हतं. गॅरी क्रेमेन यांनी १९९४ मध्ये सेक्स.कॉम नोंदवलं. पुढच्या वर्षी स्टीफन कोहेन नावाच्या भामट्यानं नेटवर्क सोल्युशन्सला एक बनावट पत्र दाखवलं. क्रेमेनना काढून टाकलंय आणि नाव कोहेनला देतोय, असा त्यातला मजकूर. पत्र क्रेमेन यांच्याच ऑनलाइन क्लासिफाइड्स या कंपनीच्या नावानं होतं आणि आमच्याकडे इंटरनेट जोडणी नाही म्हणून तुम्हीच कळवा, असंही त्यात होतं. ‘ऑनलाइन’ नावाची कंपनी, आणि इंटरनेट नाही! तरी कुणी क्रेमेनना साधा फोन केला नाही. नाव परत मिळेपर्यंत २००० साल उजाडलं. कोर्टानं साडेसहा कोटी डॉलर द्यायचा हुकूम केला तेव्हा कोहेन मेक्सिकोत पसार झाला होता.

दुसऱ्याच्या नावावर डोळा ठेवून उचलणाऱ्यांचा रस्ता तर तेव्हाच बंद होत आला होता. अमेरिकेनं नोव्हेंबर १९९९ मध्ये कायदा केला, त्यात एका डोमेनमागे एक लाख डॉलरपर्यंत भरपाईची तरतूद आहे. त्याच्याही आधी, एप्रिल १९९९ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयानं रेडिफ या वेबसाइटच्या दाव्यात डोमेनला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळतं असं म्हटलं होतं. समोरच्यांनी रॅडिफ.कॉम घेतलं होतं. त्यांचा खुलासा असा की रॅडिकलची पहिली तीन अक्षरं आणि इन्फर्मेशन, फ्यूचर, फ्री यांचं एकेक, अशी जुळवाजुळव करून हे नाव सुचलं. न्यायमूर्तींना तो पटला नाही. रेडिफच्या नावलौकिकावर आपली पोळी भाजून घ्यायची यापलीकडे त्यांना त्यात हेतू दिसला नाही आणि त्यांनी मनाई हुकूम दिला.