ताई दाराजवळ बसतात

आज दुपारी एका ट्रस्टच्या ऑफिसातून फोन आला. पुढच्या महिन्यापासून आमच्या समुपदेशकांच्या ग्रुपला शनिवार संध्याकाळची खोली मिळणार नाही. कारण विचारलं, तर पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, तुम्ही सगळे स्वतःच काउन्सेलर. तुम्हाला कसला आधार लागतो? ती वेळ आम्ही गरजू लोकांच्या कार्यक्रमाला दिलीय."

फोन ठेवला तेव्हा हात थरथरत होते. आता रात्रीचे साडेदहा वाजलेत, राग तसाच आहे. म्हणून लिहायला बसलेय. लांबणार आहे, आधीच सांगते.

गरजू. हा शब्द दुपारपासून डोक्यातून जात नाहीये.

२०२२ च्या जुलैमध्ये माझ्याकडे येणाऱ्या एका व्यक्तीने जीव दिला. कोण, काय, वय, काही सांगणार नाही. ते माझं नाहीच सांगायला. मला कळलं तेव्हा मी दादरला होते, सेंट्रलच्या फलाटावर, संध्याकाळी सातच्या गर्दीत. मी बाकावर बसले आणि गाड्या सोडत राहिले. एक गेली, दुसरी गेली, किती गेल्या माहीत नाही. पाऊस तिरका येत होता, एक बाजू पूर्ण भिजली होती आणि उठून आत सरकावं एवढंही सुचत नव्हतं. नवऱ्याला काय सांगणार? क्लायंटबद्दल घरी बोलायचं नाही, हे मीच त्याला लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगितलेलं. आईला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, सोड ती नोकरी.

मी ताईंना फोन केला. तोपर्यंत त्यांच्या ग्रुपला मी जेमतेम तीनदा गेले होते. त्या म्हणाल्या, "शनिवारी ये. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, नुसती बस. आणि आत्ता पुढची जी गाडी येईल तिच्यात चढ. मी फोनवर आहे." ठाणे येईपर्यंत त्या फोनवर होत्या. एक शब्दही न बोलता.

आता मला सांगा, कोण गरजू?

ज्यांना हे ग्रुप प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही आठ-दहा जण पंधरा दिवसांतून एकदा दोन तास बसतो. कोणी शाळेत काम करतं, कोणी हॉस्पिटलात, कोणी माझ्यासारखं स्वतःच्या छोट्या खोलीत. ज्याला त्या दिवशी गरज आहे तो आपली केस मांडतो. नाव नाही, गाव नाही, ओळख पटेल असं काहीही नाही. मांडून झालं की त्याने आपली खुर्ची दोन फूट मागे घ्यायची आणि गप्प बसायचं. मग बाकीचे त्या गोष्टीवर बोलतात आणि मांडणारा ऐकतो. सल्ला द्यायचा नाही, "मी असते तर" असं म्हणायचं नाही. फक्त ऐकताना आपल्या पोटात काय झालं ते सांगायचं.

ही पद्धत काही ताईंनी शोधलेली नाही. १९५० च्या दशकात लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये मायकेल आणि एनिड बालिंट या नवरा-बायकोने साध्या फॅमिली डॉक्टरांना असं एकत्र बसवलं होतं. कुठला पेशंट घरी गेल्यावरही डोक्यातून जात नाही, ते बोला म्हणून. सत्तर वर्षं झाली. ब्रिटनमध्ये समुपदेशकाला तिथल्या बीएसीपी या संघटनेची मान्यता हवी असेल तर महिन्याला किमान दीड तास सुपरव्हिजन घ्यावंच लागतं, म्हणजे आपल्या केसेसबद्दल दुसऱ्या जाणत्या समुपदेशकाशी बोलावंच लागतं. आपल्याकडे पुनर्वास परिषद क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी करते, त्याचा कायदा १९९२ चा. पण माझ्यासारखी एम.ए. करून खोली थाटलेली बाई रोज सहा-सहा माणसांचं ऐकते, ते कुठे रितं करते, हे मला आजवर एकाही सरकारी माणसाने विचारलेलं नाही.

आणि सरकारी माणसाला कशाला नावं ठेवू? मी जिथे शिकले तिथे दोन वर्षांत एकदाही कोणी सांगितलं नाही की एखादा क्लायंट तुमच्या हातून जाईल, आणि त्यानंतरच्या सोमवारी तुम्हाला दहाच्या सेशनला बसायचं असेल. फ्रॉइड शिकवला, रॉजर्स शिकवला, टेस्टचं स्कोअरिंग घोटून घेतलं. हे नाही शिकवलं. चीड येते मला याची.

असो. ताईंबद्दल सांगायचं होतं.

त्या शनिवारी मी बोलले. बोलले म्हणजे काय, अर्धं रडलेच. खुर्ची मागे घेतली. बाकीचे बोलले, मला त्यातलं काहीच आठवत नाही. शेवटी ताईंनी एकच विचारलं, "शेवटचं सेशन संपल्यावर तू काय केलंस?"

मी म्हणाले, डायरीत पुढच्या मंगळवारची वेळ लिहिली. पाच वाजता. पेन्सिलने.

"खोडलीस?"

"नाही."

"मग राहू दे आत्ता."

एवढंच. माझी चूक नव्हती, असं त्या म्हणाल्या नाहीत. चूक होती असंही नाही. त्या आठवड्यात मला भेटलेला प्रत्येक जण "तुझी काही चूक नाही गं" म्हणत होता आणि प्रत्येक वेळी मला वाटत होतं की यांना प्रश्नच कळलेला नाही.

ताई नेहमी दाराजवळच्या खुर्चीवर बसतात. मला वाटायचं, उशिरा येणाऱ्यांसाठी दार उघडायला. एकदा मुलुंडपर्यंत एकाच गाडीने गेलो तेव्हा विचारलं. म्हणाल्या, "कोणी उठून बाहेर जातं गं मध्येच. त्याला अडवायचं नाही. पण तो बाहेर एकटा उभा राहायला नको, म्हणून मी जवळ असते." मग पिशवीतून पाण्याची बाटली काढून दाखवली. ती त्या स्वतः पीत नाहीत, त्याच्यासाठी असते.

त्या प्रवासात पहिल्यांदा मला या बाईची ओळख झाली असं म्हणेन. तोवर त्या माझ्यासाठी ग्रुप घेणाऱ्या ताई होत्या, बस. दिवसभर स्वतःचे क्लायंट, घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, आणि पंधरा दिवसांनी शनिवारी आम्ही. एक रुपया घेत नाहीत. लॉकडाउनमध्ये त्यांच्या दोन मैत्रिणी बाथरूममध्ये स्टुलावर बसून फोनवर सेशन घेत होत्या, कारण वन रूम किचनमध्ये दुसरी जागा नव्हती. त्या दोघींसाठी ताईंनी रात्री दहाचा कॉल सुरू केला, त्यातून हा ग्रुप झाला. मी विचारलं, "तुमचं कोण ऐकतं?" म्हणाल्या, महिन्यातून एकदा पहाटेच्या गाडीने पुण्याला जाते, माझ्या बाई आहेत तिथे, ऐंशीच्या पुढच्या. तास-दीड तास बोलते, जेवते आणि परत येते.

आपल्या मुंबईत अशी माणसं आणखीही आहेत. शाळांमधल्या समुपदेशकांना एकत्र बसवणाऱ्या, हॉस्पिटलमधल्या सोशल वर्करना ड्यूटी संपल्यावर थांबवून घेणाऱ्या. यांचा बोर्ड नसतो, पेपरात नाव येत नाही. १० ऑक्टोबरला मानसिक आरोग्य दिन येतो तेव्हा स्टेजवर भलतेच लोक असतात. तुमची बहीण, मेहुणी, मित्र या कामात असेल तर एकदा विचारा, तुझी ताई कोण? नाव घेता आलं नाही तर काळजी करा.

हो, काही ग्रुप नुसतेच कुचाळक्यांचे अड्डे होतात. पाहिलेत मी. आणि गोपनीयतेची भीती घालणारे अगदीच चूक नाहीत, शब्द तोलूनच बोलावं लागतं. पण म्हणून बसायचंच नाही?

मुक्तांगण १९८६ पासून आहे पुण्यात. व्यसनातून बाहेर आलेला माणूसच तिथे नव्याला हात देतो आणि याचं आपल्याला कोण कौतुक! योग्यच आहे ते. लोकलच्या डब्यात भजनी मंडळ टाळ घेऊन उभं राहतं, दिवसभराचा शीण तिथेच उतरतो, त्यांना कोणी विचारत नाही की तुम्हाला कशाला हवं भजन. मग आम्ही बारा खुर्च्या मांडून बसलो तर आम्ही गरजू का नाही?

पुन्हा चिडले. थांबते जरा.

एक राहिलं. त्या शनिवारनंतरचा मंगळवार. डायरीत पाच वाजताची ती ओळ तशीच होती. मी खोलीत एकटी होते, पंखा चालू, समोरची खुर्ची रिकामी. पाचला दोन मिनिटं कमी असताना फोन वाजला. ताई. "कुठे आहेस?" म्हटलं, खोलीत. "बरं. मी भाजी निवडतेय, मेथी आहे. तू बस." आणि खरंच, तासभर मला मेथीच्या जुड्या सोडण्याचा आवाज येत होता. मध्ये एकदा सासूबाईंना काहीतरी म्हणाल्या. सहा वाजले तेव्हा म्हणाल्या, "झाले सहा. पंखा बंद कर आणि घरी जा."

त्यांनी वेळ लिहून ठेवली होती. माझ्या क्लायंटची वेळ, त्यांच्या डायरीत.

आज खोलीचं सांगायला त्यांना फोन केला तर ओरडल्या नाहीत, काही नाही. "बघू, माझ्या घरी बसू, सासूबाईंचा पलंग थोडा सरकवू," म्हणाल्या. तेव्हा मला रडू आलं. त्या घरात आठ माणसं मावत नाहीत, आणि दार बंद करायला वेगळी खोली नाही.

तर मंडळी, जागा हवी आहे. एक शनिवार आड, संध्याकाळी सात ते नऊ. बारा खुर्च्या आणि नीट बंद होणारं दार. पंखा असला की झालं, एसी नको. दादर ते मुलुंड कुठेही, स्टेशनपासून चालत जाता येईल अशी. भाडं थोडं देऊ शकतो. शाळेचा वर्ग चालेल, क्लासची खोली चालेल, रविवारी बंद असणारं ऑफिस असेल तर रविवारही चालेल. आणि हे वाचताना कोणाचं स्वतःचंच मन फार जड झालं असेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

जागेसाठी मला इनबॉक्समध्ये लिहा किंवा फोन करा. मंगळवारी पाच ते सहा सोडून कधीही.