दोन गिअरच्या डब्याबद्दल काकांना उत्तर

काका, नमस्कार. माझ्या पोस्टवरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, रात्री जेवण झाल्यावर परत वाचली तेव्हा निम्मी पटली, म्हणून जरा लांबण लावतोय. तुमचं म्हणणं असं की ६४ च्या शेव्हरोले इम्पालाचा पॉवरग्लाइड, म्हणजे तिचा मूळ दोन गिअरचा ऑटोमॅटिक डबा, तीन महिने घोळवत बसण्यापेक्षा सरळ टर्बो ३५० (तीन गिअरचा ऑटोमॅटिक) नाहीतर मॅन्युअल गिअरबॉक्स चढवायचा, पांढरा धूर बघून इंजिनच्या पिस्टन रिंगा गेल्या समजणं म्हणजे शिकाऊ पोराची चूक, आणि जी धक्का मारून चालू होत नाही ती गाडीच नव्हे.

धुराचं आधी, कारण तिथे मी साफ चुकलो. गिअरबॉक्सच्या मागच्या बाजूला व्हॅक्यूम मोड्युलेटर असतो, पत्र्याची छोटी डबी, आत रबरी पडदा, आणि एक नळी थेट इनलेट मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनात हवा-पेट्रोल ओढणाऱ्या पाईपला. तो पडदा फाटला की इंजिन त्या नळीतून गिअरबॉक्सचं ऑईल ओढतं आणि जाळतं. आता बघा, जमिनीवर एक थेंब नाही आणि मी दर रविवारी अर्धा लिटर एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑईल) ओततोय, तर ते जातंय कुठे हा प्रश्न मला पडायला नको? नाही पडला. मी इंजिनचं हेड उतरवलं! रिंगा ठणठणीत निघाल्या, गॅस्केटचे पैसे गेले आणि घरचे टोमणे अजून चालू आहेत. इतर वाचणाऱ्यांसाठी सांगतो, ती नळी उपसून बघा, आत लाल ऑईल दिसलं की मोड्युलेटर गेला. दोन मिनिटांचं काम आहे.

पण तोवर कमी ऑईलवर गाडी चालवून मी टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या गिअरच्या, क्लच प्लेट जाळल्या होत्या. लो गिअर बँडवर, म्हणजे ड्रमला आवळणाऱ्या पट्ट्यावर, चालतो म्हणून गाडी झकास उचलायची आणि टॉप पडला की इंजिन नुसतं ओरडायचं. ऑईल काळपट, जळका वास.

आता टर्बो ३५०. आखूड शेपटीचा असेल तर लांबी जवळजवळ तेवढीच, प्रोपेलर शाफ्टही तोच चालतो, हे तुमचं शंभर टक्के खरं. स्टिअरिंगवरच्या पट्टीवर मधल्या गिअरला जागा नाही आणि किकडाऊनची (अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की खालचा गिअर पाडणारी) केबल वेगळी लागते, एवढीच कटकट. पण माझ्या डब्याचं केसिंग, गिअर, पंप सगळं शाबूत होतं, गेलं काय तर प्लेट, सील, मोड्युलेटर. तेवढ्यासाठी सगळा डबा फेकायचा? आणि टर्बो ३५० इथे आणायचा कुठून, कुर्ल्यात एका भंगारवाल्याने ‘सेम टू सेम’ म्हणून पॉवरग्लाइड दाखवला, खिशातलं मॅग्नेट लावलं तर चिकटलं. म्हणजे बिडाचा जुना, माझा अ‍ॅल्युमिनियमचा, आतलं किट वेगळं. गंमत म्हणजे अमेरिकेतून किट मागवणं त्यापेक्षा सोपं गेलं, कारण तिकडे ड्रॅग रेसवाले, म्हणजे सरळ रस्त्यावर छोट्या शर्यती लावणारे, अजून हाच डबा वापरतात. एकदाच गिअर बदलायचा, विषय संपला. १९७३ ला बनायचा बंद झालेल्या डब्याचे पार्ट त्यांच्या जिवावर मिळतायत.

जुळवणीत एकच ठिकाणी जीव मुठीत होता, बँडचा स्क्रू. ७० इंच-पाऊंडला आवळायचा आणि नवीन बँड असेल तर मोजून तीन पूर्ण फेरे मागे, ६००० मैलांच्या वर चाललेला असेल तर चार. अंदाजे नाही, मोजून. आमच्या मिस्त्रींचा टॉर्क रेंच एवढा खाली जातच नव्हता, त्यांनी ‘हाताला कळतं’ म्हणून पाना उचलला आणि तिथेच मी त्यांना चहा प्यायला पाठवलं, खरंच, छोटा रेंच येईपर्यंत काम चार दिवस बंद.

धक्क्याबद्दल मात्र काका, तुम्ही चुकताय. ६४ च्या या डब्यात मागेही एक पंप आहे, चाकांवर फिरणारा, म्हणजे इंजिन बंद असतानाही ऑईलचा दाब देणारा, तो नंतरच्या वर्षांत काढून टाकला. त्यामुळे न्यूट्रलमध्ये ताशी चाळीसेक किलोमीटरपर्यंत नेऊन गिअरात टाकली की ती चालू होते. आता एवढं धूड चाळीसच्या स्पीडने ढकलायला कोण येणार ते विचारू नका. आम्ही बोगद्याच्या उतारावर करून बघितलं, चालू झाली.

मॅन्युअलबद्दल भांडत नाही, तुमच्या काळात पेट्रोल परवडेना म्हणून लोकांनी या गाड्यांत डिझेल इंजिनं घातली तशीच ती गोष्ट. माझ्या एका मित्राच्या इम्पालाचा मूळ डबा त्यातच कुठेतरी गेला. तुमच्या गोडाऊनमध्ये टर्बो ३५० पडून आहे असं तुम्ही शेवटी लिहिलंय, तो खरंच द्यायचा असेल तर मला मेल टाका. मॅग्नेट घेऊन येतो.