टेबलाला चाकं लावा, गेमची कंपनी काढा

जळगावात गेमची कंपनी काढताय? काढा भो, फार काही लागत नाही. आधी टेबलांना चाकं लावा. अमेरिकेत व्हॉल्व्ह कंपनी आहे, हाफ-लाइफ हा गेम आणि स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकानवाली. तिची कर्मचाऱ्यांसाठीची पुस्तिका २०१२ मध्ये बाहेर फुटली. इथे कुणी कुणाचा साहेब नाही, ज्या कामात रस वाटेल तिकडे टेबल ढकलत न्या, असं तिच्यात आहे. तेवढंच पान वाचा. (त्यांनी १९९८ मध्येच हाफ-लाइफ विकून दाखवला होता, ते सोडा.) जळगावातल्या अशाच एका कंपनीत मी मेमध्ये मुलाखतीला गेलो तेव्हा आठही टेबलं एकाच कूलरपुढे ढकललेली होती, एकाच एक्स्टेंशन बोर्डाच्या भरवशावर.

साहेब नकोच. पगार कुणाला मागायचा हा प्रश्नच मिटतो. व्हॉल्व्हनं २०१३ मध्ये माणसं काढली, त्यातल्या जेरी एल्सवर्थ म्हणाल्या की साहेब होतेच, फक्त दिसत नव्हते. आपल्याकडे तेही बघता येतात, दुपारी शेवभाजी मागवताना.

जाहिरातीत फ्रेशर लिहा, अनुभव तीन वर्षांचा मागा.

मुलाखतीच्या फेऱ्या पाच तरी घ्या. चौथीत म्हणा, 'एक छोटीशी लेव्हल करून दे, पॅशन दिसू दे.' छोटीशी म्हणजे युनिटीत (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) अख्खा बाजार, उड्या मारायला छपरं, मागे धावणारे गुंड, आणि साध्या मोबाइलवरही अडकायला नको. तीन रात्री जागलो. रात्रीच्या लाइटीत केळीला पाणी सोडायला निघालेले आप्पा दारातून विचारायचे, 'काय करी राह्यना रे?' मी सांगायचो, 'नोकरी.' पैशांचं विचारलं तर उत्तर आलं, 'आपण कुटुंब आहोत.' मग कुटुंबानं फोन उचलणं बंद केलं. दीड महिन्यानं त्यांच्या गेमचा ट्रेलर आला. त्यात माझा बाजार! तीच छपरं, तेच गुंड, आणि घाईत मी चुकीचा लिहिलेला 'आप्पा भरित सेंटर' हा बोर्डही जसाच्या तसा. चोरताना नीट बघितलंसुद्धा नाही!

लाज वाटत नाही का रे? त्याच पुस्तिकेत चांगली माणसं निवडणं हे सगळ्यात महत्त्वाचं काम म्हटलंय. ते पान कुठे गेलं? खेड्यापाड्यातली पोरं मित्राचा लॅपटॉप मागून आणतात, घरी खोटं सांगतात, आणि तुम्ही त्यांच्याकडून फुकट लेव्हली काढून घेता. माझ्यानंतर अजून किती जणांना 'पॅशन' दाखवायला लावलंत?

तीन रात्रींचे पैसे टाका. आणि तो बोर्ड दुरुस्त करा, भरीतमधली री दीर्घ असते.