कर्सर वर्गमूळातच अडकलाय

दहावीच्या मुलांची ४० मार्कांची टेस्ट काढायची होती, म्हटलं जेवून बसलो की तासाभरात टाइप करून मोकळा. वर्गसमीकरणाचं सूत्र तर झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन, उणे बी अधिक-उणे वर्गमूळात बी वर्ग वजा चार एसी, सगळ्याला भागिले दोन ए. फळ्यावर दहा सेकंदांचं काम. इथे वर्डच्या इक्वेशन एडिटरमध्ये साडेनऊला बसलो तो पावणेअकरापर्यंत वर्गमूळातच.

होतं काय, की बी लिहिला, त्याच्यावर दोन चढवला, आता पुढे वजा लिहायला जावं तर तो वजाही दोनच्या मागोमाग माडीवर. उजवा बाण दाबून आधी खाली उतरायचं असतं म्हणे. बरं, उतरलो, चार एसी लिहून झालं. आता सीच्या पुढे कर्सर लुकलुकतोय तो नक्की कुठे? वर्गमूळाच्या आत, की बाहेर पण अजून अंशातच, की अपूर्णांकाच्याही बाहेर? डोळ्यांना सगळी एकच जागा दिसते, मध्ये उंबरे मात्र तीन! बाण दाबला की तो तसूभर सरकतो, कधी तर नुसती उंची कमी-जास्त होते आणि तेवढ्यावरून आपण ओळखायचं, तेही रात्री, चाळिशीच्या चष्म्यातून. पाहुणे "निघतो आता" म्हणत चपला घालतात आणि मग दारातच अर्धा तास बोलत उभे राहतात ना, अगदी तसा.

चुकलं म्हणून बॅकस्पेस मारला तर पहिल्या फटक्यात अख्खं वर्गमूळ नुसतं सिलेक्ट होतं, मला वाटलं की दाबलीच गेली नाही, परत दाबली, गेलं. कंट्रोल झेड.

शेवटी सूत्र झालं. पानाच्या मध्यभागी, ऐसपैस, मला तर भरून आलं. आणि त्याच ओळीत पुढे एक पूर्णविराम दिला, एकच हो, तर ते अख्खं सूत्र अंग चोरून एवढंसं झालं आणि डावीकडे जाऊन बसलं. पूर्णविराम खोडला, परत मध्यभागी. हा खेळ मी चार वेळा केला, शेवटी शेवटी तर मजा म्हणून.

मुलगा इंजिनिअरिंगला आहे, तो मागून म्हणाला, "बाबा, लेटेक शिका की." म्हणजे सूत्रं कोडमध्ये लिहून छापायची पद्धत. त्यात म्हणे कर्सरची भानगडच नाही, अपूर्णांक हवा तर बॅकस्लॅश फ्रॅक लिहायचं आणि महिरपी कंस मोजायचे. ते ज्याच्यावर उभं आहे ते टेक नावाचं सॉफ्टवेअर डोनाल्ड क्नूथ या संगणकशास्त्रज्ञाने करायला घेतलं, १९७७ मध्ये स्वतःच्याच पुस्तकाची प्रुफं बघून वैतागला म्हणून. त्याला वाटलेलं थोडक्यात आटपेल, गाडं १९८९ पर्यंत चाललं. हे ऐकून मला जरा बरं वाटलं. पण टेस्ट उद्या सकाळी सातला होती.

साडेबाराला प्रिंट मारली. सकाळी पेपर वाटून खुर्चीत टेकतो न टेकतो तोच मागच्या बाकावरून हात वर.

"सर, पाचव्या प्रश्नात 'किंमत काढा' हे वर्गमूळाच्या आत आहे, त्याचं पण वर्गमूळ काढायचं का?"