पेटीवर कोण होतं? – ‘एक जुना श्रोता’ यांना उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया वाचली त्या रात्री उत्तर लिहायला बसले नाही. चार दिवस जाऊ दिले. तुम्ही एवढं मनापासून आणि सविस्तर लिहिलंत, तेव्हा ‘मताबद्दल आभार’ म्हणून पुढे जाणं मला बरं वाटेना.

ज्यांनी मागचा लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गाण्याच्या ॲपांवर आणि व्हिडिओंखाली साथीदारांची नावं गळून पडतात, आणि डिजिटल माध्यमांची अभ्यासक म्हणून मला त्याची कारणं शोधायची आहेत, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं. मी स्वतः पेटीची, म्हणजे हार्मोनियमची, साथ करते, तेव्हा हे संशोधन नव्हे, घरचं गाऱ्हाणं आहे. साथ ही सेवा असते आणि नावाची हाव धरणारा साथीदारच नव्हे. आप्पा जळगावकर, पुरुषोत्तम वालावलकर, तुळशीदास बोरकर ही नावं तुम्हाला पाठ आहेत ती कुणी छापली म्हणून नव्हे, तुम्हाला कान होते म्हणून. शिवाय दोन दगडांवर पाय ठेवणारा कुठेच पोचत नाही. एक तर पेटी वाजवा, नाही तर प्रबंध लिहा. जाता जाता तुम्ही हेही बजावलंत की इंटरनेटमुळेच गाणं खेड्यापाड्यांत गेलं, त्याला नावं ठेवू नयेत. आणि शेवटी, तुमच्याकडे दोन कपाटं भरून एलपी रेकॉर्डी आहेत, तुम्हाला या डिजिटलची गरजच नाही.

इंटरनेटबद्दल आपला वाद नाही. मी सांगलीकडच्या एका लहान गावात वाढले. तिथे मैफल व्हायची ती वर्षातून एखादी, गणपतीत नाही तर उरुसाला. मारवा रागाचा विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल मी पहिल्यांदा अख्खा ऐकला तो कुणीतरी चढवलेल्या रेकॉर्डिंगवर, हॉस्टेलच्या गच्चीत, मोबाइल कानाला लावून. त्या अनोळखी माणसाचे उपकार मी विसरलेले नाही. गायक षड्जावर, म्हणजे ‘सा’वर, यायला इतका वेळ लावत होते की जीव टांगणीला लागावा, आणि पेटीवाला तो षड्ज आधीच वाजवून मोकळा होत नव्हता. तोही थांबत होता. बोटाखाली पट्टी आहे, नुसती दाबायची आहे, आणि माणूस ती दाबत नाही. साथ म्हणजे काय हे मला त्या रात्री कळलं. खाली पाहिलं तर गायकाचं नाव होतं, रागाचं नाव होतं, आणि ‘अप्रतिम’ म्हणणाऱ्यांची रांग होती. पेटीवर कोण होतं ते मला आजपर्यंत सापडलेलं नाही.

माझं संशोधन इथून सुरू झालं. तेव्हा त्याच्या मुळाशी गाऱ्हाणं आहे, हे मी नाकारत नाही. पण गाऱ्हाणं जिथून निघालं तिथेच थांबलं तर त्याला तसं म्हणा. मी ते तपासायला घेतलं, आणि तपासताना माझंच म्हणणं काही ठिकाणी चुकीचं निघालं.

एक चूक तर तुमच्यामुळे सापडली. तुमची प्रतिक्रिया वाचून मागचा लेख पुन्हा पडताळला. त्यात मी लिहिलं होतं की एमपीथ्री फाइलमध्ये साथीदारासाठी जागाच नव्हती. १९९६ साली फाइलमध्येच गाण्याची माहिती लिहिण्याची जी पहिली सोय झाली, आयडीथ्री नावाची, तिच्याबद्दल हे खरं आहे. फाइलच्या शेपटाला १२८ बाइट जोडायचे, एका बाइटात एक रोमन अक्षर: ‘TAG’ ही खूण ३, गाण्याचं नाव ३०, कलाकार ३०, अल्बम ३०, वर्ष ४, टिप्पणी ३०, आणि संगीतप्रकारासाठी एक आकडा. प्रकारांची मूळ यादी ८० नावांची. तिच्यात ग्रंज आहे, डेथ मेटल आहे, ख्याल नाही. आपलं गाणं बहुधा ४८ व्या आकड्याखाली, ‘एथ्निक’ म्हणून टाकलं जायचं. पंडित पुरुषोत्तम वालावलकर हे नाव रोमन लिपीत नेहमीच्या वर्तनीने लिहिलं तर मोकळ्या जागा धरून २९ अक्षरं होतात. म्हणजे कलाकाराच्या रकान्यात ते एकटे कसेबसे मावतात. गायक आणि तबलजी कुठे लिहायचे?

पण १९९८ नंतरच्या तिच्या दुसऱ्या आवृत्तीत ही अडचण राहिली नाही. तिच्यात नावाला लांबीचं बंधन नाही, देवनागरी चालते, आणि एक रकाना तर ‘वाद्यवृंद किंवा साथ’ यासाठीच राखलेला आहे. जागा होती, हे मी लिहायला हवं होतं. पुढे काय झालं ते अधिक बोलकं आहे. गाणी वाजवणाऱ्या लोकप्रिय प्रोग्रॅमांनी तो रकाना ‘अल्बमचा कलाकार’ दाखवायला वापरला, आणि तीच रूढी पडली. साथीला राखलेल्या जागेवर मुख्य कलाकाराचंच नाव दुसऱ्यांदा लिहिलं जाऊ लागलं. आज कंपन्यांकडून ॲपांकडे माहिती जाते ती डीडीईएक्स नावाच्या ठरावीक साच्यात, आणि त्यातही प्रत्येक वादकाचं नाव आणि वाद्य देता येतं. तेव्हा दोष तंत्राच्या तोकडेपणाचा नाही. भरणाऱ्याने भरलं नाही, आणि न भरल्यामुळे कुणाचं काही अडलं नाही, म्हणून हे असं आहे. मागच्या लेखात मी यंत्राला बोल लावला. तो चुकीच्या दारी गेला.

‘पूर्वी तरी कुठे नावं होती?’ असं तुम्ही विचारता. तुमचं म्हणणं निम्मं खरं आहे. १९०२ साली कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने गायिका गौहर जानचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. गाणं संपता संपता ती ठसक्यात सांगते, ‘माय नेम इज गौहर जान.’ तबकड्या जर्मनीत हॅनोवरला निघायच्या. तिथल्या कामगाराला कुठल्या तबकडीवर कुठलं नाव चिकटवायचं हे कळावं, म्हणून ही सोय. नाव आवाजातच कोरलेलं, कुणी पुसू म्हटलं तरी पुसता येणार नाही असं. मात्र ते एकटीचं. तिच्या मागे वाजवणारे स्वतःचं नाव सांगत नाहीत.

म्हणजे सुरुवात तशीच होती, मान्य. पण मधला काळ तुम्ही सोडून देता, आणि तो तर तुमचाच काळ आहे. एलपीच्या पाठीवर ‘तबला’ आणि ‘हार्मोनियम’ असं लिहून पुढे नावं छापलेली असायची. सगळ्यांवर नसतील, पण पुष्कळांवर. रेडिओवर निवेदक आधी गाणाऱ्याचं नाव सांगे, मग तबलासाथ कुणाची आणि हार्मोनियमसाथ कुणाची ते. ज्या आकाशवाणीने १९४० पासून तीन दशकं पेटीला दार बंद ठेवलं, तिनेच पेटी परत घेतल्यावर पेटीवाल्याचं नाव रीतसर उच्चारलं, याचं मला फार मोल वाटतं. पुण्याला रमणबागेत सवाई गंधर्व महोत्सवात तुम्ही रात्र रात्र बसलात, तिथेही प्रत्येक मैफलीआधी साथीदारांची नावं पुकारली जात, अगदी तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्यांचीसुद्धा. तेव्हा ती तीन नावं तुम्हाला पाठ आहेत ती नुसत्या कानांमुळे नव्हेत. कुणीतरी ती तुमच्या कानांवर घातली. कान माझ्याही पिढीला आहेत. त्यांच्यावर नाव घालणारं कुणी उरलं नाही.

आणि म्हणूनच मला हे जास्त लागतं. जे कधी लिहिलंच नव्हतं ते हरवलं तर हळहळ वाटते. इथे लिहिलेलं हरवलं आहे. आवाज घेतला जातो टेपवरून, नावं असतात कव्हरवर, आणि कव्हर वाचून टंकण्याचं काम कुणाचंच नसतं.

आता सेवेबद्दल. तुम्ही हा शब्द आदराने वापरलात हे मला कळतं. माझे गुरुजीही तोच वापरतात. ऐंशीच्या पुढे आहेत. आयुष्यभर गाण्याला साथ केली आणि तबल्याच्या एकल वादनाला लेहरा धरला. तास तास एकच ओळ, तिळभर न हलता. त्यात हात दाखवायला वाव नसतो. ती ओळ हलली तर तबलजी कोसळतो. दोन वर्षांपूर्वी वृद्ध कलावंतांच्या मानधनासाठी त्यांचा अर्ज करायचा होता. मी बरोबर गेले. कचेरीतल्या बाईंनी कामाचा पुरावा मागितला. गुरुजींनी पिशवीतून एका कॅसेटच्या आतला कागद काढला, घडीवर फाटलेला, प्लास्टिकमध्ये घालून जपलेला. त्यावर बारीक अक्षरांत त्यांचं नाव. बाई वाईट नव्हत्या. म्हणाल्या, कागद कुणीही छापतं आजोबा, ऑनलाइन असेल तर दाखवा. मी फोनवर तीच कॅसेट काढली. गायकाचं नाव आलं, चित्र आलं, गाणंही वाजू लागलं. गुरुजींचं नाव कुठेच नाही.

ते काही बोलले नाहीत. गाणं चालू होतं, आणि त्यांची बोटं टेबलाच्या कडेवर हलत होती. पुढची जागा फोनमधून ऐकू येण्याआधी बोटं तिथे पोचलेली असत. चाळीसेक वर्षांपूर्वी वाजवलेलं. ते मी पाहत होते, बाईही पाहत होत्या, पण अर्जात ते जोडायला जागा नव्हती. पुढे त्या गायकाच्या शिष्यांकडून पत्र आणलं, फेऱ्या मारल्या, आणि काही महिन्यांनी अर्ज मंजूर झाला.

गुरुजींना नावाची हाव कधीच नव्हती. औषधं मात्र लागतात. ‘सेवा’ म्हणून साथीदाराने स्वतःला विसरावं, हा त्याचा धर्म झाला. ऐकणाऱ्याने, विकणाऱ्याने आणि जपणाऱ्यानेही त्याला विसरावं, असं त्या धर्मात कुठे लिहिलेलं नाही. उलट २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून सादरकर्त्याला ‘हे सादरीकरण माझं आहे’ अशी ओळख मागण्याचा हक्क आहे. वापराच्या स्वरूपामुळेच नाव देता येत नसेल तर तेवढी सूट. साथीदार हाही सादरकर्ताच.

राहिली ती दोन दगडांची गोष्ट. ती मला सगळ्यांत जास्त लागली, कारण हे मला गुरुजींच्या ओळखीच्यांनी ऐकवलंय आणि संशोधनातल्या वरिष्ठांनीही. माझा दिवस असा असतो: पहाटे साडेपाच ते सात रियाज, दहापासून संध्याकाळपर्यंत संस्थेत काम, आणि शनिवार-रविवारी कुठे साथ असेल तर तिथे. रियाज कमी पडतो. फक्त वाजवणाऱ्यांइतकी माझी तयारी नाही, हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे आणि त्याचं मला दुःख आहे.

पण हे दोन वेगळे दगड आहेत, हे मात्र मला पटत नाही. ध्वनिमुद्रणातून गायकाच्या स्वराची रेघ वेगळी काढण्यावर बरंच काम झालंय. आपल्याकडे आयआयटी मुंबईत प्रा. प्रीती राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं आहे. त्यातली मोठी अडचण आहे पेटी, कारण ती गायकाच्याच स्वरांवरून चालते आणि संगणकाला दोन रेघा वेगळ्या करणं जड जातं. मी असे आलेख तपासते. एकदा एका सहकाऱ्याने एका जागी टीप लिहिली होती की गायिकेने इथे गंधार लांबवला आहे. मी ऐकलं आणि सांगितलं की गायिका इथे श्वास घेते आहे, गंधार पेटीचा आहे. कशावरून? गळा मींडेने, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत येतो, पेटी पायरी पायरीने. आणि गायिका सुटली की पेटीवाला शेवटचा स्वर क्षणभर धरून ठेवतो, तिच्या परतण्यासाठी. हे मी कुठल्या शोधनिबंधात वाचलेलं नाही. माझा डावा हात भात्यावर असताना मी स्वतः तेच करते.

आता तर गाण्यातून आवाज सुटे करणारे प्रोग्रॅम घरोघरी झालेत. त्यांतले बरेच चार भाग करतात: गायन, ड्रम, बास आणि इतर. पेटी जाते ‘इतर’मध्ये, तंबोऱ्याबरोबर. उद्या जुन्या मैफली अशा ‘स्वच्छ’ करून विकल्या जाऊ लागल्या, तर आधी नाव गेलेल्या माणसाचा आवाजही जाईल. ज्याने कधी साथ केलेली नाही, त्याला त्या ‘इतर’मध्ये काय आहे हे कोण सांगणार? मी सांगू शकते, म्हणून दोन्ही कामं सोडवत नाहीत.

एक विनंती आहे, आणि ती मनापासून आहे. ती दोन कपाटं. म्युझिकब्रेन्झ नावाचा एक खुला संग्रह आहे. त्यात कुणालाही ध्वनिमुद्रणाची माहिती भरता येते, कोण कुठलं वाद्य वाजवतंय यासकट. बार्सिलोनाच्या विद्यापीठातल्या कॉम्पम्युझिक प्रकल्पाने हिंदुस्तानी आणि कर्नाटक संगीताच्या नोंदींसाठी तोच आधार घेतला होता. तुमच्या एलपींच्या पाठीवर जी नावं आहेत ती मला तिथे भरायची आहेत. प्रत्येक कव्हर सपाट ठेवून, खिडकीच्या उजेडात मागच्या बाजूचा एक फोटो, आणि तबकडीच्या मधल्या कागदावरच्या क्रमांकाचा दुसरा, एवढं पुरेल. फोटोचा त्रास नको असेल आणि तुम्ही पुण्यात असाल, तर मी वही घेऊन घरी येईन. तुम्ही कव्हरं काढून द्या, मी उतरवून घेते. ज्या रेकॉर्डवर नाव छापलेलं नाही पण पेटीवर कोण होतं हे तुम्हाला ठाऊक आहे, ती वेगळी ठेवा. त्यांच्यापुढे ‘श्रोत्याच्या आठवणीवरून’ असं लिहू.

रविवारी सकाळी रियाज असतो. दुपारी तीननंतर कधीही सांगा.