‘काही केलं नाही त्याला भीती कशाची?’ : काकांना उत्तर

नमस्कार काका. पोलीस खात्यातून निवृत्त झालेला माणूस माझं वाचतो आणि एवढं खडसावून लिहितो, म्हणून सविस्तर उत्तर. व्हॉट्सॲपचे मेसेज पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाच वाचता येत नाहीत. तुमचं म्हणणं, हे कुलूप सरकारला उघडता यायला हवं. नाहीतर अतिरेकी आणि लहान मुलांचे घाण व्हिडिओ पाठवणारे मोकाट राहतात, आणि या कुलपाची बाजू घेणारे माझ्यासारखे त्यांना आडोसा देतात.

तसली माणसं आहेत, हे मला मान्य. पण बागुलबुवांची ही यादी जुनी आहे. टिमथी मे या अमेरिकन अभियंत्यानं १९९० च्या दशकातच तिला ‘चार घोडेस्वार’ असं नाव ठेवलं होतं: अतिरेकी, ड्रग्जवाले, काळा पैसा पांढरा करणारे आणि मुलांचं शोषण करणारे. कायदा हवा असला की यातला एक पुढं करायचा.

७ जून २०२३ आठवतोय? स्टेटसवरून कोल्हापूर पेटलं. स्टेटस म्हणजे चारचौघांनी बघावं म्हणूनच ठेवलेलं. त्यात कुलूप फोडायचं काय होतं? तरी नेट बंद झालं सगळ्यांचंच. आमचा दूधवाला बिचारा फोनपे चालेना म्हणून परत वहीवर आला.

आता चोरकिल्लीचं, म्हणजे सरकारसाठी कुलपाची मुद्दाम ठेवलेली जादा किल्ली. ग्रीसमध्ये व्होडाफोनच्या यंत्रणेत पोलिसांसाठी फोन ऐकायची सोय होती. २००४-०५ मध्ये कुणीतरी गुपचूप तीच सोय वापरून पंतप्रधानांसह शंभराच्या आसपास लोकांचे फोन ऐकले. अमेरिकेतही २०२४ मध्ये चिनी हॅकर टेलिफोन कंपन्यांत घुसले, तपासासाठी ठेवलेल्या असल्याच यंत्रणांपर्यंत पोचले. मग तिथल्या सरकारी यंत्रणांनीच सांगितलं, कूटबद्ध, म्हणजे असं कुलूपबंद, मेसेजिंग वापरा. म्हणजे आमचंच म्हणणं, फक्त उशिरा.

तपासाला हत्यारं नाहीत असंही नाही. संशयिताचा फोन जप्त करता येतो. ग्रुपमधल्या कुणी तक्रार केली तर त्या गप्पांतले शेवटचे पाच मेसेज कंपनीकडं जातात. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली मेसेज उलगडायला मदत नाकारली तर ७ वर्षांपर्यंत कैद आहे. (हे कलमही मला फार सैल वाटतं, पण त्यावर नंतर भांडू.)

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, काही केलं नाही त्याला भीती कशाची. तुम्हीच लिहिलंय की खबऱ्याचं नाव तुम्ही कधी साहेबांनासुद्धा सांगितलं नाही. त्या खबऱ्यानं काय गुन्हा केला होता, काका?